रिसीव्हर कोणाच्या कानानें निवडावा?

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची झाली, म्हणजे तिच्याविषयीं जितकीं माणसें तितकीं मतें, हा एकत्र कुटुंबांतील नित्याचा अनुभव आहे. चार दिवस खल होतो, आठव्या दिवशीं वस्तु घरांत येते, आणि जिचा त्या वस्तूशीं खरा संबंध तिचें मत विचारावयाचें राहून गेलें, हें नवव्या दिवशीं कोणाच्या तरी लक्षांत येतें! गाणीं, नाटकें व चित्रपट घरबसल्या चांगल्या आवाजांत ऐकतां यावेत म्हणून स्पीकर व त्यांस चालविणारा रिसीव्हर घेण्याची टूम हल्लीं पुष्कळ घरीं निघते. आमच्याही घरीं ती निघाली. पहिल्या खेपेस आम्ही साफ चुकलों. दुसऱ्या खेपेस, थोडें वाचून आणि पुष्कळ विचारून, बरें साधलें. या दोन खेपांच्या दरम्यान आम्हांस जें कळलें तें वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पहिली खेप

आमचें घर सांगलीस जुन्या वस्तींत आहे. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. दिवेलागणीनंतर सर्वांनीं माजघरांत एकत्र बसावयाचें ही वडिलांपासूनची चाल. पूर्वीं रेडिओभोवतीं बसत, आतां टीव्हीसमोर बसतात, एवढाच फरक. या मंडळींत आमच्या वहिनी, म्हणजे आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंच्या पत्नी, सर्वांत वडील. त्यांचें वय आतां ब्याऐंशी. बंधूंनीं जमविलेल्या नाट्यपदांच्या तबकड्यांतील पद न् पद त्यांस मुखोद्गत आहे. असें असतां, गेल्या दोन वर्षांपासून टीव्ही लागला कीं वहिनी जपमाळ घेऊन देवघरांत जाऊं लागल्या. वयोमानाप्रमाणें विरक्ति आली, अशी आम्हीं सर्वांनीं समजूत करून घेतली, आणि मनांतून थोडें कौतुकही केलें.

याच सुमारास आमच्या पुतण्यानें हौसेनें एक ‘होम थिएटर’ आणलें. खोक्यावर वॅटांचा चार आंकडी आंकडा ठळक छापलेला होता, आणि दुकानदारानें त्यावर बोट ठेवून ‘अख्खें मंगल कार्यालय दणाणून सोडील’ अशी ग्वाही दिली होती. आमचें माजघर अठरा फूट लांब आणि बारा फूट रुंद. तेथें मंगल कार्यालय दणाणून सोडण्याचें प्रयोजन काय, हें कोणीच विचारलें नाहीं. यंत्र सुरू होतांच फडताळांतील भांडीं किणकिणूं लागलीं. मुलांस आनंद झाला. तेवढ्यांत देवघरांतून वहिनी दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, आवाज भारीच मोठा आहे हो, पण तीं माणसें काय बोलताहेत तें कांहीं कळत नाहीं.”

‘ऐकूं येत नाहीं’ असें वहिनी म्हणाल्या नाहींत. ‘कळत नाहीं’ म्हणाल्या. त्या एका शब्दानें आमचे डोळे उघडले. दोन वर्षें जिला आम्ही विरक्ति समजत होतों, ती विरक्ति नव्हती. चार माणसांत बसून सर्व हंसतात तेव्हां आपणास हंसण्याचें कारण कळत नाहीं, आणि वरचेवर ‘काय म्हणाला?’ असें विचारून लेकरांच्या रंगाचा बेरंग करावयाचा नाहीं, म्हणून वहिनींनीं देवघर जवळ केलें होतें. तें यंत्र परत गेलें, आणि आम्ही प्रश्न पुन्हां पहिल्यापासून हातीं घेतला.

रिसीव्हर म्हणजे काय?

रिसीव्हर हें नांव रेडिओच्या काळापासून चालत आलेलें आहे. रेडिओच्या लहरी पकडणारा भाग, निरनिराळ्या यंत्रांतून येणाऱ्या ध्वनींपैकीं हवा तो निवडणारा भाग, आणि निवडलेल्या क्षीण ध्वनीस स्पीकर हालविण्याइतकें बळ देणारा वर्धक, हीं तीन कामें पूर्वीं तीन स्वतंत्र पेट्यांत होत. तीं एका पेटींत आणणाऱ्या आरंभीच्या यंत्रांपैकीं एक अमेरिकेंतील हार्मन-कार्डन या कंपनीनें १९५४ सालीं काढलें. पुढें दोन वाहिन्यांचा, म्हणजे स्टीरिओ, ध्वनि आला. चित्रपटगृहांतील अनेक वाहिन्यांचा ध्वनि घरांत आला. आणि रिसीव्हराकडे आणखी एक काम आलें. मुद्रणांत गुंफलेल्या वाहिन्या उलगडून ज्याच्या त्या स्पीकरकडे पोंचविणें, हें तें काम. आज बाजारांत दोन जाती मिळतात. केवळ संगीतासाठीं दोन वाहिन्यांचा स्टीरिओ रिसीव्हर. आणि टीव्ही, चित्रपट व संगीत या सर्वांसाठीं पांच, सात, नऊ किंवा अधिक वाहिन्यांचा.

थोडक्यांत, रिसीव्हर हा घरांतील कारभाऱ्यासारखा आहे. स्वतः तो गात नाहीं. गातात ते स्पीकर. म्हणून खोली किती, ऐकणारे कोण, स्पीकर कोणते, हें ठरल्यावांचून कारभारी नेमणें म्हणजे जमीन पाहण्यापूर्वींच बैल घेण्यासारखें आहे. आमची पहिली चूक हीच होती.

वॅटांचा हिशेब

दुसरी चूक आंकड्याची. खोक्यावरील चार आंकडी संख्येपुढें ‘पीएमपीओ’ अशीं अक्षरें होतीं. क्षणभर, कशीबशी, सर्व वाहिन्यांची मिळून जी शक्ति निघेल असें मानलें जातें, तिचा हा आंकडा. तो कसा मोजावा याचें सर्वमान्य असें परिमाणच नाहीं. त्याकडे लक्ष न देणें हेंच उत्तम. यंत्र जी शक्ति सतत देऊं शकतें तिचा आंकडा मागावा. व्यवहारांत त्यास ‘आरएमएस’ म्हणतात.

तोही आंकडा मिळाला म्हणजे चार प्रश्न विचारावेत. एक, ही शक्ति किती ओहमच्या स्पीकरवर मोजली? आठ ओहमवरील आंकडा पाहावा. सहा ओहमवर मोजला तर तोच रिसीव्हर मोठा दिसतो. दोन, एकाच १००० हर्ट्झच्या स्वरावर मोजली, कीं २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत सर्व पट्टींत? तीन, त्या वेळीं ध्वनींत विकृति किती टक्के होती? दहा टक्के विकृति चालवून घेतली तर आंकडा सहज फुगतो; एक टक्क्याच्या आंतील आंकडाच खरा मानावा. चार, एकाच वेळीं किती वाहिन्या चालू होत्या? सात वाहिन्यांच्या रिसीव्हरावरील आंकडा बहुधा एक किंवा दोन वाहिन्या चालवून काढलेला असतो. आंकड्यांचा हा खेळ सर्वत्रच चालतो. म्हणूनच अमेरिकेंत १९७४ सालीं वर्धकांच्या शक्तीविषयीं सरकारी नियम झाला, आणि २०२४ सालीं तो अधिक कडक करावा लागला.

आतां, लागते तरी किती शक्ति? शाळेंतील मुलासही करतां येईल असा हा हिशेब आहे. प्रत्येक स्पीकरची संवेदनक्षमता छापलेली असते. समजा ती ८७ डेसिबल आहे. म्हणजे एक वॅट दिला असतां एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज होतो. साध्या खोलींत तीन मीटरवर बसणाऱ्यास, दोन स्पीकर मिळून, एक एक वॅटांत सुमारें ८० डेसिबल मिळतात. माणसांचें साधें बोलणें सुमारें ६० डेसिबलचें असतें. घरांत ७० डेसिबलवर गाणें ऐकावयाचें तर एक दशांश वॅट पुरतो! तबल्याची थाप, नाटकांतील किंकाळी अशा क्षणीं आवाज वीस डेसिबलनें उसळतो. त्यास शंभरपट शक्ति लागते, म्हणजे दहा वॅट. तेव्हां प्रामाणिकपणें मोजलेले पन्नास वॅट आमच्यासारख्या माजघरास भरपूर झाले.

दुसरें असें कीं, शक्ति दुप्पट केली तर आवाज अवघा तीन डेसिबलनें वाढतो. कानास आवाज दुप्पट वाटावा तर शक्ति दहापट लागते. म्हणून ८० वॅटांचा सोडून १०० वॅटांचा घेतला तर खिशास फरक कळेल, कानास कळणार नाहीं. उलट ८७ डेसिबलऐवजीं ९० डेसिबलचा स्पीकर निवडला तर शक्ति दुप्पट केल्याचें फळ पदरांत पडतें.

एक सावधगिरीची गोष्ट येथेंच सांगतों. माजघरांत दोन स्पीकर आहेत, स्वयंपाकघरांतही ऐकूं जावें म्हणून त्याच तारांवर आणखी दोन जोडावे, ही कल्पना एकत्र कुटुंबांत निघतेच. आठ ओहमचे दोन स्पीकर असे समांतर जोडले कीं चार ओहमचा भार होतो, आणि रिसीव्हरांतून दुप्पट प्रवाह ओढला जातो. यंत्राच्या पाठीवर किमान किती ओहम चालतील तें लिहिलेलें असतें. तें वाचल्याशिवाय तार जोडूं नये.

स्वर पोंचतात, व्यंजनें पोंचत नाहींत

आतां वहिनींच्या ‘कळत नाहीं’ या तक्रारीकडे येऊं. व्याकरण शिकविण्यांत आमची हयात गेली, तरी या तक्रारीचें मर्म व्याकरणांतच आहे हें आम्हांस कानाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलें. स्वर स्वतःच्या तेजानें शोभतात व व्यंजनें त्यांच्या मागून येतात, अशा आशयाचें विवेचन पतंजलींच्या महाभाष्यांत आहे. ध्वनिशास्त्रही हेंच निराळ्या भाषेंत सांगतें. अ, आ, ओ या स्वरांत आवाजाचें बळ असतें, आणि तें बहुतांशीं खालच्या पट्टींत असतें. क, त, प, स, श हीं अघोष व्यंजनें बळानें क्षीण, आणि त्यांची ओळख पटविणारा ध्वनि वरच्या पट्टींत. ‘स’काराचें बहुतेक बळ ४००० हर्ट्झच्या वर असतें. म्हातारपणीं कान प्रथम मंद होतो तो या वरच्या पट्टींतच. म्हणून वृद्ध माणसास बोलण्याचा आवाज येतो. शब्द उकलत नाहीं. ‘ताट मांड’ म्हटलें तर ‘पाट मांड’ ऐकूं येतें, आणि सून पानें घेऊन उभी असतां सासूबाई पाट शोधत बसतात! अशा वेळीं नुसता आवाज वाढविला तर स्वर गर्जूं लागतात, त्यांत व्यंजनें आणखी बुडतात. खालचे स्वर घुमविणारा मोठा स्पीकर त्यांत भर टाकतो. आमच्या पहिल्या यंत्रानें नेमकें हेंच केलें होतें.

डॉक्टरांनीं तपासून वहिनींस दोन्ही कानांचीं श्रवणयंत्रें दिलीं. हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण कोणताही रिसीव्हर श्रवणयंत्राची जागा घेऊं शकत नाहीं, आणि घरांतील वडील माणूस चार माणसांतून उठून जाऊं लागलें तर प्रथम कान तपासून घ्यावे. परंतु श्रवणयंत्र लावल्यावरही गोंगाटांतून शब्द वेगळा काढणें कठीणच जातें. तेथें योग्य रिसीव्हर मदत करतो, ती अशी.

चित्रपटाच्या अनेक वाहिन्यांच्या मुद्रणांत पात्रांचें बोलणें बहुतेक सर्व मधल्या वाहिनीवर असतें. पार्श्वसंगीत, पाऊस, मोटारी, दंगल हें सर्व बाजूंच्या वाहिन्यांवर. मधल्या वाहिनीस स्वतंत्र स्पीकर असेल तर रिसीव्हरावर केवळ त्या वाहिनीचा आवाज तीन-चार डेसिबलनें चढवितां येतो. बोलणें पुढें येतें, गोंगाट मागें राहतो, आणि एकंदर आवाज वाढत नाहीं. दोनच स्पीकर असले तर बोलणें दोहोंच्या मध्यें असल्याचा भास होतो. पण तो भास बरोबर मध्यभागीं बसणाऱ्यासच होतो, आणि अकरा माणसांच्या घरांत मध्यभागीं किती जण बसणार? दोन वाहिन्यांच्या साध्या मुद्रणांतूनही मधली वाहिनी काढून देण्याची सोय या जातीच्या रिसीव्हरांत असते. शिवाय फार मोठा आवाज दाबून फार लहान आवाज उचलण्याची युक्तिही बहुतेकांत असते. रात्रीच्या वेळीं ती फार उपयोगी पडते.

म्हणून आम्हीं ठरविलें तें असें: पांच वाहिन्यांचा रिसीव्हर घ्यावा, परंतु आरंभीं स्पीकर तीनच घ्यावेत, समोरचे दोन आणि मधला, आणि पैसे वांटतांना मधल्यास कमी लेखूं नये. मागचे दोन पुढें कधीं वाटलें तर घेतां येतील. छतावरून पाऊस पडल्याचा भास देणारी ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ पद्धति २०१२ पासून आली आहे. ती चांगलीच आहे, पण छतास स्पीकर लावावयाचे नसतील तर तिच्यासाठीं नऊ वाहिन्यांचे पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं.

खोली हेंही एक वाद्यच

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यगृहाची मापें दिलीं आहेत. चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद हें मध्यम प्रतीचें गृह मनुष्यांस योग्य. त्याहून मोठें केलें तर नटांचें बोलणें अस्पष्ट होतें, असें कारण तेथें स्पष्ट सांगितलें आहे. गृह गुहेसारखें असावें, खिडक्या लहान असाव्या, वारा फार नसावा, म्हणजे ध्वनि गंभीर होतो, हाही उपदेश आहे. आपलें माजघर म्हणजे एक लहानसें नाट्यगृहच. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि कांचेच्या खिडक्या यांवर आदळून ध्वनि परततो, आणि एक शब्द संपण्यापूर्वीं दुसऱ्यावर सांडतो. आम्हीं जमिनीवर जाजम अंथरलें, खिडक्यांस जाड पडदे लावले, आणि समोरच्या भिंतीशीं पुस्तकांचें उघडें कपाट आणून ठेविलें. इतक्या स्वस्त उपायानें जो फरक पडला, तो दुप्पट किंमतीच्या रिसीव्हरानें पडला असता असें आम्हांस वाटत नाहीं. स्पीकर कोपऱ्यांत कोंबूं नयेत. तेथें खालचे स्वर अकारण घुमतात. मधला स्पीकर कपाटाच्या पोकळींत खोल न सारतां कडेशीं आणावा व बसणाऱ्यांच्या कानांकडे किंचित् वळवावा.

हल्लीं पुष्कळ रिसीव्हरांबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो. तो बसण्याच्या जागीं ठेविला कीं यंत्र स्पीकरांतून सूर काढून खोलीचा गुणदोष स्वतःच मोजतें व त्याप्रमाणें दुरुस्ति करतें. यामाहा कंपनी या सोयीस ‘वायपाओ’ म्हणते. डेनॉन व मरांट्झ यांच्या यंत्रांत ‘ऑडिसी’ नांवाची पद्धति असते. ही मोजणी करतांना पंखा बंद ठेवावा, आणि मुलांस थोडा वेळ अंगणांत पाठवावें.

जुन्या तबकड्या आणि नव्या तारा

ज्या घरीं तबकड्या आहेत त्यांनीं रिसीव्हराच्या पाठीवर ‘फोनो’ असें लिहिलेलें छिद्र आहे कीं नाहीं तें पाहावें. तबकडीवरील सुईच्या टोंकाशीं निर्माण होणारा विद्युद्दाब अवघा चार-पांच हजारांश व्होल्ट असतो. सीडी यंत्राचा सुमारें दोन व्होल्ट. म्हणून तबकडीस वेगळी जागा लागते. तेथें आणखी एक काम होतें: तबकडी कापतांना खालचे स्वर दाबून व वरचे चढवून कापतात, तें ऐकतांना उलट करावें लागतें. यासाठीं १९५४ पासून ‘आरआयएए’ नांवाचें एकच प्रमाण रूढ झालें. त्यापूर्वींच्या तबकड्यांचीं प्रमाणें निरनिराळीं होतीं. म्हणून मिनिटास ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या नव्या यंत्रावर किंचित् मंद वाटल्या तर वरचे स्वर थोडे चढवावेत. मात्र लाँग प्लेची सुई त्या तबकड्यांवर कदापि ठेवूं नये. जुन्या तबकडीची चर रुंद असते व तीस इंचाच्या सुमारें तीन सहस्रांश जाडीचें टोंक लागतें. लाँग प्लेची सुई त्याच्या चौथाईएवढी बारीक असल्यामुळें चरीच्या तळाशीं खरडत जाते. तबकडी फिरविणारें यंत्र ७८ फेऱ्या देतें कीं नाहीं, हेंही घेण्यापूर्वीं विचारावें. पुष्कळ नवीं यंत्रें देत नाहींत.

टीव्हीशीं जोडण्यास एचडीएमआयची एकच तार पुरते; मात्र टीव्ही व रिसीव्हर या दोहोंच्याही त्या छिद्रापाशीं ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ हीं अक्षरें असावींत. पहिली सोय २००९ सालीं आली. दुसरी २०१७ ची असून अधिक समर्थ आहे. त्या एका तारेनें टीव्हीचा ध्वनि रिसीव्हरास मिळतो आणि टीव्हीच्याच रिमोटनें आवाज कमीजास्त करतां येतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण चार रिमोट समोर असले कीं घरांतील वडील माणसें एकासही हात लावीत नाहींत, आणि मग मुलें घरीं नसतां यंत्र मुकेंच राहतें.

मुलें-सुना अमेरिकेंत असलेल्या घरांस एक सूचना. येतांना तिकडूनच रिसीव्हर आणावा, असें मनांत येतें. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तिकडचें यंत्र येथें सरळ जोडलें तर जळेल. मध्यें रूपांतरक लावतां येतो, पण तिकडील कित्येक रिसीव्हरांचा रेडिओ ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्यानें सरकतो, आणि आपलें केंद्र दोन टप्प्यांच्या मध्यें सांपडूं शकतें. शिवाय बिघाड झाल्यास हमीही येथें चालेलच असें नाहीं. आपल्या किंवा जवळच्या गांवीं ज्याची दुरुस्ति होते तेंच यंत्र बरें.

निवड करतांना

दुकानांत जातांना आपल्या ओळखीचें मुद्रण बरोबर न्यावें. आम्हीं तीन गोष्टी नेल्या होत्या: नुसता तंबोरा, एका बाईंचें गायन, आणि एका नाटकांतील गद्य प्रवेश. मिरज जवळ असल्यामुळें तंबोऱ्याची जवारी आमच्या कानांत बसलेली आहे. यंत्रांतून ती मोकळी ऐकूं आली कीं वरचे स्वर ठीक आहेत असें समजावें. दोन यंत्रांची तुलना सारख्याच आवाजांत करावी. किंचित् मोठें वाजणारें यंत्र नेहमींच गोड वाटतें, आणि हें विक्रेत्यास पक्कें ठाऊक असतें. रिसीव्हर तापतो, म्हणून वर व बाजूंस चार बोटें तरी मोकळी जागा लागते. त्यावर भरतकामाचें आच्छादन घालण्याचा मोह गृहिणींनीं आवरावा.

आणखी एक गोष्ट, मुलांच्या कानांची व शेजाऱ्यांची. ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांपलीकडे ऐकूं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मंगल कार्यालय दणाणविणाऱ्या यंत्राचें घरांत काय काम, हें यावरूनही दिसेल.

आमच्या पुतण्यानें दुसऱ्या खेपेस कुरकूर केली. “काका, एवढ्या लहान आंकड्याचा रिसीव्हर आणला तर मित्र हंसतील,” असें तो म्हणाला. “तुझे मित्र महिन्यांतून एकदां येतील, तुझी आई रोज येथें बसणार आहे,” एवढेंच आम्ही म्हणालों. तो गप्प राहिला. पण दुसऱ्या दिवशीं दुकानांत वहिनींस हाताला धरून त्यानेंच नेलें. तेथें त्यानें गाणें लावलें नाहीं. गद्य प्रवेश लावला, आणि प्रत्येक यंत्रापाशीं आईला तेंच वाक्य पुन्हां म्हणून दाखवावयास सांगितलें. तिसऱ्या यंत्रावर तिनें तें चुकल्याशिवाय म्हटलें. तेंच आम्हीं घेतलें. तें तेथील सर्वांत महाग यंत्र नव्हतें.

त्याच आठवड्यांत एका संध्याकाळीं मुलांनीं ‘संगीत शारदा’ लावलें. १८९९ सालचें हें नाटक. त्याचे कर्ते देवल आमच्या शेजारच्या हरिपूरचे. त्यामुळें आमच्या घरीं त्याचें अगत्य पहिल्यापासूनचें. भद्रेश्वर दीक्षिताच्या एका बोलण्यावर माजघरांत पहिलें हंसूं उमटलें तें वहिनींचें होतें. मुलें तिच्याकडे पाहून मग हंसलीं. जपमाळ हातांतच होती. पहिला अंक संपला तेव्हां वहिनी उठल्या, देवघरांत जाऊन निरांजन सारखें केलें, आणि परत येतां येतां नातवास म्हणाल्या, “अरे, पुढचा लावूं नको इतक्यांत. मी बसल्यावर लाव.”